मानीव

सेव्हर्नवरच्या पुलापलीकडे, ब्रिस्टलला,
गप्प माणूस म्हणजे नुसता गप्प माणूस.
अलीकडे, आमच्या वेल्समध्ये,
मागच्या डिसेंबरच्या आदल्या डिसेंबरपासून
गप्प माणूस हो म्हणालेला असतो.
कायद्यात शब्द आहे त्याला: मानीव संमती.
नको असेल तर नाव नोंदवून नको म्हणा,
नाहीतर मेल्यावर तुमचं गप्प बसणं
आम्ही होकार म्हणून वाचू.

वाचायलाही अटी आहेत.
अठरा पूर्ण हवीत. शहाणपण शाबूत हवं.
आणि मरणाआधीचे बारा महिने
इथल्या छपराखाली गेलेले हवेत.

येस्टिन प्रॉसर, वय चौतीस,
काळ्या पाटीची छपरं बसवायचा.
जन्म पेनक्लाउडचा, खाडीकाठचा,
सात वर्षं ब्रिस्टलला राहून परतला
गेल्या मार्चच्या नऊ तारखेला.
व्हॅनमध्ये शिडी, गुंडाळलेली गादी, टोलची पावती.
(त्या पुलावर टोल घरी येतानाच लागतो,
जाताना फुकट.)

अठ्ठावीस फेब्रुवारी, स्वान्झी, रात्री सव्वादोन.
दोन डॉक्टरांनी दोनदा तपासलं;
मृत्यूची वेळ धरली पहिल्या तपासाची.
म्हणजे दुसऱ्या तपासात त्यांनी
तासाभरापूर्वी मेलेल्याच्या डोळ्यात
विजेरी धरली होती.
त्याची छाती हलत होती. हात ऊबदार होता.
हे मला रोज समजावून सांगावं लागतं,
आणि रोज मला ते नीट सांगता येत नाही.

मी बोटांवर मोजलं. मग कॅलेंडरवर.
नऊ दिवस कमी.
त्याचं मौन अजून आमचं झालं नव्हतं.

अशा वेळी कायदा नातलगांची यादी काढतो.
जोडीदार सगळ्यात वर, मग आईबाप, मुलं,
आणि पार तळाला, जुना मित्र.
जुना मित्र बाहेर यंत्राजवळ उभा होता,
सिमेंटचे बूट घालून,
शिडी खालून त्यानेच धरली होती.
त्याला कोणी काही विचारलं नाही.

आई आत. एनिड.
खाडीत शिंपल्या गोळा करणारी,
नखांत मीठ, हातांना वाळूच्या चिरा.
मी म्हटलं, बाई, नऊ दिवस राहिले असते तर
मला तुमच्याकडे होकार मागावा लागला नसता.
(बोलल्यावर जीभ चावली.)

ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
"नऊ महिने झाले तरी हा बाहेर येईना.
वर नऊ दिवस काढले पोटात.
इथेच, या खाडीवर,
भरतीच्या वेळा बघत होते मी.
ते धर."

माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

"नाही धरत ना?
मग मला विचार. मोठ्याने विचार."

मी एकेक नाव घेत गेले.
काळीज. फुप्फुसं. यकृत. दोन मूत्रपिंडं.
प्रत्येकाला ती हो म्हणाली,
आमच्या भाषेत, वेल्शमध्ये,
जिथे नुसत्या 'हो'ला शब्दच नाही,
प्रश्नाचंच क्रियापद उचलून परत द्यावं लागतं.
द्याल? देईन.
द्याल? देईन.
डोळ्यांशी ती थांबली.
मी पेन खाली ठेवलं.
"ते राहू दे," म्हणाली.
का, ते विचारायचा मला अधिकार नाही,
आणि कायद्यालाही नाही.

मानीव या चौकटीवर मी रेघ मारली.
पुढच्या चौकटीत लिहिलं: व्यक्त.

नऊ मार्चला फोनने टिंग केलं.
मीच कधीतरी खूण करून ठेवली होती.
त्या दिवशी त्याचं मौन
आमच्या कायद्यात बसलं असतं.
चॅपलमागे पुरून त्याला तेव्हा दोन दिवस झाले होते.

एप्रिलमध्ये बाजारात ती दिसली,
शिंपल्यांच्या टोपल्यांमागे.
मला ओळख दिली की नाही, सांगता येत नाही.
माप भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं,
पिशवीत ओतलं.
मग आणखी एक मूठ टाकली.
मी पैसे काढू लागले
तेव्हा मान हलवून म्हणाली,
"ते मापात धरू नकोस."