साडेबारा

घणसोली गावठाणातली आमची बिल्डिंग, चार मजले, लिफ्ट नाही.
सिस्टर जिन्सी धापा टाकत येते,
पाठीवरच्या सॅकमध्ये ड्रेसिंग, हातमोजे,
आणि दर वेळचा एकच प्रश्न:
"आजी, दुखणं दहापैकी किती?"

आई शाळेत गेली नाही.
तिचं गणित मिठाच्या टोपल्यांचं, तेही हातांत.
मिठागर गेलं, शेत गेलं,
मग तीस वर्षं या घरात एकच आकडा
जेवणासोबत वाढला गेला.
"साडेबारा," ती म्हणाली.

जिन्सी माझ्याकडे बघू लागली.
मी हसले. मला हसू आवरेना.
मग ते हसू राहिलं नाही.

खालची वहिनी म्हणाली होती,
डॉक्टरांनी हात टेकले, आता करण्यासारखं काय उरलं?
उरलंय ना.
दर चार तासांनी चमच्याच्या खुणेइतकं कडू औषध.
ओठांवर ओला कापूस.
कूस बदलणं, खाडीकडून भिंतीकडे,
भिंतीकडून खाडीकडे.
पोट साफ झालं की जिन्सीला फोन,
दहावीचा निकाल कळवावा तसा.
हवेची गादी रात्रभर घोरते,
बाबा घोरायचे त्याच सुरात.

एका मंगळवारी आई "चार" म्हणाली
आणि तिने सुकटीचा वास मागितला.
खायला नको, नुसता वास.
मी तव्यावर मूठभर भाजली.
जिन्सीला ठसका लागला. म्हणाली, आमच्याकडेही असंच भाजतात.
आई कितीतरी वेळ नाकाने जेवत होती.

जाताना सिस्टरने चपला घालता घालता विचारलं,
"ताई, आणि तुमचं किती?"
मी म्हटलं, दूध उतू जातंय.
गॅसवर काहीच नव्हतं.

"साडेबारा लिव तिचा,"
आई डोळे मिटूनच बोलली.
वहीत माझ्यासाठी जागा आखलेली नव्हती.
"जागा नसल तं माज्या घरान लिव."

जिन्सीने बारीक अक्षरात लिहिलं.
जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, ती कुणाशी तरी बोलत थांबली.

रात्री दोनचा गजर झाला
तेव्हा दादा आधीच आत आला होता.
प्लॉटवरून चार वर्षं आमचं बोलणं नाही.
त्याने मोबाईलच्या उजेडात बाटलीवरची चिठ्ठी
दोनदा वाचली.
चमचा काचेला लागल्याचा आवाज.
आईचा घोट.
मी जागीच होते.
कूस बदलली, भिंतीकडे,
आणि सहाचा गजरही
त्याच्यासाठी राहू दिला.