तापाचा तक्ता

दिवा विझला. म्हणजे तुझ्या मते झालं,
एकशेऐंशी.
पण तू म्हणावंस आणि मी मान डोलवावी,
तशी मी नाही, बाई.
बत्तीस वर्षं ऑस्टेंडच्या इस्पितळात
मी लोकांचे ताप मोजले.

एक होता कॉर्नील, मासेमारीच्या बोटीवरचा.
सकाळच्या फेरीआधी बर्फाचा खडा
जिभेखाली धरून बसायचा,
कारण बोट गुरुवारी सुटणार होती
आणि त्याच्या फुप्फुसांसाठी थांबणार नव्हती.
आणि एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची,
थर्मामीटर हळूच हीटरला टेकवायची.
तिला घरी जायचं नव्हतं.

तुला कुठे जायचंय?
अकरा वर्षं ओट्याच्या याच कोपऱ्यात आहेस,
प्लगपासून हातभर.

आधी मी माझाच थर्मामीटर तपासला.
साक्षीदाराचीही उलटतपासणी हवी.
बर्फाच्या पाण्यात शून्य.
खळखळ उकळत्या पाण्यात शंभराला अर्धा कमी,
आणि समुद्र चार गल्ल्यांवर,
म्हणजे उंचीवर ढकलायची सोय नाही.
अर्धा अंश मी माफ केला.
माझ्या वयात एवढं चालतं.

मग काठी तेलात, मधोमध,
तळाला न टेकवता, कॉइलपासून दूर.
तुझा सेन्सर कॉइलला खेटून बसलेला,
शेजारणीच्या अंगाची ऊब मोजतो
आणि सगळ्या गावाला ताप आलाय म्हणून सांगत सुटतो.
कोरड्या झाऱ्याने एकदा ढवळलं,
खालचं वर, वरचं खाली.
एकशे एकोणसाठ.

दाखवायचे दात वेगळे, म्हणतात ते हेच.

ओडील, माझा भाऊ, हसला.
जन्म इंजिनरूममध्ये काढलेला माणूस,
छापील आकड्यावर त्याची भारी श्रद्धा.
"कारखान्याने लिहिलंय, गोदेलीव्ह.
कारखाना काय मुद्दाम खोटं लिहील?"
मुद्दाम कोण बोलतं, ओडील.

मी खुर्ची ओढून बसले.
दिवा लागला, विझला: एकशे अडुसष्ट.
लागला, विझला: एकशे चौऱ्याहत्तर.
पुन्हा एकदा: एकशे चौऱ्याहत्तर.
म्हणजे तू खोटारडी नाहीस अगदी.
घाईने पहिलं उत्तर देणारी आहेस.
तिसऱ्यांदा विचारलं की
सहा अंशांपुरतंच लपवतेस.

मग काप सोडले, आधी एकदा तळून गार केलेले,
अर्धा किलो एकदम, ओडीलला भूक लागली म्हणून.
काटा कोसळला: एकशे त्रेचाळीस.
तुझा दिवा पुन्हा लागायच्या आधीच
तेलाला हुडहुडी भरली होती.
जाळी उचलली. निम्मे परत काढले.
ओडील खिडकीबाहेर बघत राहिला.

हे सगळं मी टिपत होते,
जुन्या सवयीने, चौकटी आखून,
आडवी वेळ, उभा ताप,
ठिपक्याला ठिपका जोडत.
चढ, उतार, चढ.
एक आकडा नाहीच मुळी तुझा.
कुणाचाच नसतो. तरी आम्ही
पलंगाच्या पायथ्याशी एकच लिहायचो, मोठ्या अक्षरात,
डॉक्टरांना घाई असायची.

त्या मुलीच्या तक्त्यावर मी लिहिलं होतं
अडतीस पूर्णांक सहा.
तीन दिवस लिहिलं.
हीटर माझ्या डोळ्यांसमोर होता.
चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती.

बटणावर, छापील एकशेऐंशीच्या किंचित पुढे,
नेलपॉलिशचा ठिपका दिला,
भाचीच्या लग्नाला आणलेलं, पोवळ्याच्या रंगाचं,
न उघडलेलं.
सुकायला दहा मिनिटं.

"गार झाले," ओडील म्हणाला, तोंड भरलेलं.
खरंच झाले होते.
तरी तो उठला आणि मीठ घेऊन आला,
जाता जाता फ्रिजवर लावलेल्या कागदापाशी थांबला,
चष्मा वर केला:
"हा कुणाचा? आजारी कोण आहे?"