अंतर, रकाना सहा

माझ्याकडे अकरा शाळा आहेत.
खरं तर सात. उरलेल्या चार शेजारच्या केंद्रातल्या.
तिथले पेडणेकर मार्चमध्ये निवृत्त झाले
आणि त्यांची खुर्ची अतिरिक्त कार्यभार म्हणून
माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर येऊन बसली.

अकरा शाळा, एकोणीस शिक्षक, दोनशे सहा मुलं,
तीन चाव्या, ज्यांची कुलुपं कुठली ते कुणालाच ठाऊक नाही,
आणि एक वजनकाटा, आळीपाळीने फिरणारा.
तो तांदळासाठी. मुलांना अंगणवाडीच्या काट्यावर उभं करतात.
तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो.
पोषण आहार शिजवणारी सुगंधा जाक्कर म्हणते,
र्‍हवूं दे बाई, तेवढीच पोरां भरलेली दिसतत.

बुधवारी पत्र आलं:
वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची माहिती
आज सायंकाळी पाचपर्यंत.
आमच्याकडे सगळं सायंकाळी पाचपर्यंतच असतं,
आणि रेंज सड्यावर, पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.

शाळा: खारवीवाडा. पट: सात.
वर्गखोल्या: दोन. वापरात: एक,
दुसरीत गणपतीपर्यंत जाळी ठेवलेली.
शिक्षक: एक. सोनटक्के सर, उदगीरचे,
बदलीच्या यादीत सलग चौथं वर्ष.
आले तेव्हा समुद्राकडे पाठ करून डबा खायचे.

रकाना सहा:
नजीकच्या शाळेचे अंतर, किलोमीटरमध्ये.

नजीकची शाळा समोर दिसते.
खाडीपलीकडे, माडांच्या वर तिचे पत्रे.
तिच्या घंटेवर इथली पोरं रांगेत उभी राहतात,
कारण इथला टोल शिमग्यात कुणीतरी नेला.
नकाशावर रेघ ओढली की शून्य पूर्णांक नऊ.
पुलावरून, डांबरी रस्त्याने, सतरा.
एसटी सकाळी सहाला सुटते
आणि वस्तीलाच परत येते.

अब्बास होडेकरला विचारलं, अंतर किती रे?
त्याने वल्हं आडवं ठेवलं.
कधीचं, बाई?
उधाणाचं की भांगाचं?
भरतीला दहा मिनिटं.
सुकतीला मध्ये चिखल, गुडघ्याच्या वर,
चप्पल हातात घेऊन पण पोर रुततं.
आणि जूनपासून नारळी पुनवेपर्यंत
माणसं घेतो मी. पोरं नाही घेत.

तांदूळ मात्र घेतो.
ऑगस्टात गाडी आली नाही तेव्हा
पलीकडच्या हमदुले बाईंनी चाळीस किलो धाडला होता,
ताडपत्रीत गुंडाळून, त्याच्याच होडीतून.
साठा नोंदवहीत आवक आहे, जावक आहे,
उसनं नाही.
सोनटक्के सरांनी समासात लिहिलंय, पेन्सिलीने, मुंगीएवढं:
ह. बाईंचे देणे, ४०.
तपासणीत मी ते पाहिलं.
पान उलटलं, खाली सही केली.

वर्गात फळ्यावर वार, दिनांक, सुविचार, हजर सात.
त्याखाली तिसरीतली उर्वी डोर्लेकर
रोज भरतीची वेळ लिहिते.
सर म्हणाले, आधी मला शिकवायला म्हणून लिहायची,
आता मला येतं, तरी लिहिते.
त्या दिवशी लिहिलं होतं, ११.४०.
चारातला दंड नीट सरळ यावा म्हणून
तिने पट्टी लावली होती.

मी टाकीवर चढले.
पाचला सात कमी होती.
रकाना सहामध्ये फळ्यावरचं तसंच उतरवलं
आणि पाठवून दिलं.

सव्वापाचला तालुक्यातून फोन.
मॅडम, सहा नंबरला तुमच्याकडून वेळ पडलीय.
हो, म्हटलं.
तिथे अंतर हवंय.
तेच आहे ते.
वरून विचारतील, मॅडम. असं कसं चालेल?

बरोबर आहे तुमचं, मी म्हटलं,
ते रोज बदलतं.
उद्याचं साडेबारा.
दुरुस्त करून पाठवू?

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
की रेंज गेली होती.
टाकीवर ते कळत नाही.