एक जुलैच्या आधीचं

सकाळी यंत्रानं अंगठा नाकारला.
पुन्हा ठेवा, म्हणालं. पुन्हा ठेवला.
अठरा वर्षं लाख वितळवून सीलं ठोकली वसमत ठाण्यात,
बोटावरच्या रेघा कधी गेल्या कळलंच नाही.
लोखंडे मॅडम म्हणाल्या, कऱ्हाळे, तुम्ही तर फरारच झालात.
मीही हसलो.

हिंगोलीला दोन दिवस प्रशिक्षण झालं.
निळी पुस्तिका, एक पेन, दुपारी वांग्याची भाजी.
तीनशे दोन आता एकशे तीन.
चारशे वीस, तीनशे अठरा.
माझ्या पोरांनी पाढ्यांच्या आधी
ही कलमं ऐकलीत, जेवता जेवता.
धुऱ्यावरून भांडणारा चुलता विचारायचा,
'दादाराव, याला कुठलं बसतं?'
घास तोंडात असतानाच मी आकडा सांगायचो.
परवा म्हणालो, बघून सांगतो.
तो ताटाकडं बघत राहिला.

जुनं तीनशे नऊ
विहिरीतून जिवंत काढलेल्या बाईला लावायचो,
ओल्या लुगड्यानिशी बाकावर बसवून.
त्या आकड्यात आता जबरी चोरी राहायला आली.
बरंच झालं.
पण त्या बाईला चहा मी आणून दिला होता,
दोनदा,
तो कुठल्या रकान्यात लिहू?

मुद्देमालाच्या खोलीला हळदीचा वास आहे.
चोरीची सात पोती होती, किडीनं खाल्ली,
वास तेवढा जमा आहे अजून.
कुऱ्हाडी, विळे, चाक नसलेल्या सायकली,
एक शिलाई मशीन,
सगळ्यांच्या गळ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
त्यावर आता उभ्या काळ्या रेघांचं लेबल चिकटवायचं
आणि सोमवारी ट्रकनं सगळं जिल्ह्याला.

आज आसेगावची धुरपतबाई आली.
दर साली पोळा झाला की येते.
कोर्टात काय झालं, विचारत नाही.
'माझ्या रंजीचं तीनशे दोन बघू द्या,' म्हणते.
सीलबंद पाकीट, उघडता येत नाही.
ती वरूनच चाचपते, जोडवी मोजते.
चार.
भरतात चार.

'मावशी, कलम...' एवढं बोललो
आणि तिनं वर बघितलं.
म्हणालो, गुन्हा एक जुलैच्या आधीचा आहे,
तुमचं तेच राहतंय. तीनशे दोन.
'राहू द्या माय, तेच बरं,' म्हणाली,
जसं काही मीच ठेवून घेतलं होतं तिच्यासाठी.
सोमवारचं सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

ती गेल्यावर पाकीट उजेडात धरलं.
शिक्क्याच्या कडेला, गरम लाखेत
चुकून दाबला गेलेला अंगठा,
माझा, रेघांसकट,
दोन हजार नऊचा.