दहा मायक्रॉन

शेंगदाण्याएवढा मेंदू. मेणाच्या ठोकळ्यात.
मी चाक फिरवते, पातं खाली येतं,
दहा मायक्रॉनची फीत सुटते
आणि कोमट पाण्यावर पसरते,
सायीहून हलकी.
एकवीस वर्षं हेच करते आहे गणेशखिंडीतल्या या खोलीत.
खिडकीच्या जाळीत कडुनिंबाचा पाला अडकून वाळतो,
तो मात्र कुणी काढत नाही.

पेठकर मॅडम मुलांना सांगतात,
लाव्याचे डोळे झाकले तरी त्याला ऋतू कळतो.
उजेड पिसांतून, कवटीच्या पापुद्र्यातून झिरपतो,
आणि मेंदूच्या तळाशी काही पेशी
दिवसाची लांबी मोजत बसतात,
दुकानदाराने गल्ला मोजावा तशा, ओठ न हलवता.
हिशेब जुळला की खाली निरोप जातो.
मग पोटात अंडं धरतं.

त्या वाटा मी जांभळ्या रंगात पाहिल्यात.
काचेवर, मेलेल्या,
तरी कुठेतरी निघालेल्या.

मागच्या पौषात टायमर बिघडला.
पंचवीस रात्री पिंजऱ्यांवर ट्यूब जळत राहिली.
रात्रपाळीचा सोपान म्हणाला,
मला वाटलं, थंडीचं ठेवलं असेल, ताई.
माद्यांनी अंडी घातली, ठिपक्याठिपक्यांची.
मॅडमनी वहीत आडवी रेघ मारली: गट बाद.
अंडी सोपान डब्यात घालून घरी घेऊन गेला.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, आमटी झकास झाली होती.

मला सत्तेचाळीस.
दिवाळीपासून कॅलेंडरवर फुली नाही.
रात्री एकदम अंग पेटतं, मानेपासून वर,
पांघरूण फेकून मी उठते
आणि मनात म्हणते, तळाशी, अगदी तळाशी,
दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा मागे.
इतकं नेमकं ठाऊक असून काय करायचं.

औंध रोडला पुलाचं काम चाललंय.
फ्लडलाइटखाली पिवळी हेल्मेटं,
आणि बॅरिकेडवर एक दयाळ
रात्री दोनला गातोय,
शेपटी वर करून, पूर्ण गळ्याने, भर थंडीत.
उत्तर येत नाही. तो थांबतही नाही.

मी घामेजलेली गॅलरीत उभी.
कपाळावर तळहात धरते, काढते,
पुन्हा धरते.
आत काही कमी-जास्त होतं का, बघते.