दुसरा मंगळवार

मरंबिजीच्या काठी, चार नंबरच्या पंपाखाली
ब्रूना झनाटा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
गुडघाभर पाण्यात उतरते. सव्वीस वर्षं झाली.

जाळी, पांढरा ट्रे, चिमटा.
पायाने दगड हलवायचे, मग वाट पाहायची
गाळ खाली बसेपर्यंत.
मेफ्लायच्या अळ्या: तीन.
मागच्या वर्षी याच महिन्यात एकोणीस होत्या.
ती 'तीन' लिहिते. उसाशाला रकाना नाही.

वर कालव्याचं दार उघडतं,
नदी भातखाचरांत, संत्र्यांत वाटून जाते.
त्यात तिच्या भावाचीही बाग आहे.
तो विचारतो, "काय म्हणते तुझी पेशंट?"
"क्षार चढलेत," ती म्हणते,
आणि त्याचंच संत्रं सोलते.

आता गुडघे ऐकत नाहीत.
वह्या न्यायला आलेली तालिया पानं चाळता चाळता
दुष्काळातल्या एका पानावर थांबते.
तापमान कोरं. गढूळपणा कोरा. अळ्या कोऱ्या.
तळाशी पेन्सिलीने, बारीक:
पाणी नाही. मी आले होते.

ब्रूनाचे बूट तालियाला एक नंबर मोठे होतात.
ती मोज्यांवर मोजे चढवते.