तिसरी फाईल

मंगळवारी पाहणीची समिती येणार,
म्हणून रविवारी रात्री
कुचिंगच्या त्या विद्यापीठात, स्थापत्यच्या दुसऱ्या मजल्यावर
एकाच खोलीत दिवा आहे.
वूनबाई तक्ता भरताहेत.

आडव्या बारा निष्पत्ती,
उभे त्रेचाळीस विषय,
आणि दोघं छेदतात त्या खणात
एक, दोन किंवा तीन.
नैतिकतेला मृदा-यांत्रिकीत एक.
संघभावनेला सर्वेक्षणात तीन,
उन्हात टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.
'आयुष्यभर शिकत राहणे' ही बारावी.
तिच्याखाली बराच वेळ काही लिहिलं जात नाही.

तक्त्याला हसणं सोपं आहे.
पण बाईंना त्यांचे सर आठवतात,
तीन वर्षं फळ्याशीच बोलले,
भाग संपला की खडू ठेवून निघायचे.
शिकवून झालेलं असायचं.
कोणाला काय आलं, हे विचारायची रीत नव्हती.
पहिल्या नोकरीत मुकादमाने पातळीयंत्राची पेटी पुढे केली
तेव्हा ती उघडायची कुठून, तेही येत नव्हतं.
पदवी तेवढी आली होती.
म्हणून 'पोरांना काय येईल?' हा प्रश्न
बाईंना अजूनही वाईट वाटत नाही.
त्याला इतके खण लागतील
असं मात्र वाटलं नव्हतं.

दर विषयाच्या पुराव्याला तीन फायली.
उत्तम, मध्यम, कमजोर.
तिसरी कोणी वाचत नाही,
ती आहे एवढं दिसलं की पुरे.

संरचना विश्लेषण, प्रश्न चौथा.
जेसलिन अनाक उंगात. वीसपैकी चार.
विचारलं होतं: दोन टोकांना टेकलेली तुळई,
तिच्यावर सारखा पसरलेला भार.
उत्तरात तुळई नाहीच.
झुलता पूल आहे, पेन्सिलीचा,
स्क्रांग नदीच्या वरच्या अंगाला, लाँगहाऊसकडे जाणारा.
खाली लिहिलंय:
मिरीची पोती सहा.
डुक्कर एक, जिवंत, हलतं.
खुर्चीत आजारी माणूस, उचलणारे चौघे,
चौघांची पावलं एका ठेक्यात पडू द्यायची नाहीत.
पुरात ओंडका आदळला तर किती, ते मला काढता आलं नाही.
आमच्याकडे भार सारखा पसरत नाही.

शेजारी लाल शाई, बाईंचंच अक्षर:
प्रश्नाला धरून नाही.

साबली खालून किल्ल्या वाजवत आला,
एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काँक्रीटचे घन फोडणारा.
चष्मा वर करून पान वाचलं.
"ही होय? यंत्रापाशी उभी असायची.
घन फुटायच्या आधी आवाज बदलतो ना,
तो हिला माझ्याआधी यायचा."
आता कुठे असते?
"बिंतुलूला म्हणतात. प्लायवूडच्या गिरणीत."

कान कुठल्या रकान्यात धरायचे?
बाईंनी तक्ता वर सरकवला, खाली सरकवला.
मग तो बाजूला ठेवून
कोऱ्या कागदावर तिचं गणित पुन्हा केलं.
दोरातला ताण चुकलाय. निम्माच निघालाय.
या आकड्यावर पूल बांधला
तर डुक्कर पलीकडे जाईल,
खुर्ची नाही.
चार गुण तसे बरोबरच होते.
बाईंना याचं काहीच बरं वाटलं नाही.

पुराव्यावर मागाहून लिहायचं नसतं,
नियमावली, पान एकोणीस, बाईंनीच टाईप केलेलं.
त्यांनी पेन्सिल घेतली, बारीक लिहिलं:
दोराला झोळ किती धरलास?

मंगळवारी जोहोरहून आलेल्या गृहस्थांनी
पहिली फाईल चाळली,
तिसरीची पानं मोजली, मिटली,
चहा चांगला असल्याचं सांगितलं.
संध्याकाळी साबलीने जिन्यात विचारलं,
"झालो का पास?"
सहा वर्षांसाठी, बाई म्हणाल्या,
आणि बिंतुलूची बस कुठून सुटते,
ते त्यालाच विचारलं.